पत्र्याच्या शेडला स्प्रेने रंग: रात्रीचा खोकला आणि बोटावरचे बारीक भोक

द्राक्षांचा हंगाम आटोपला की पिंपळगाव बसवंत परिसरात पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज आणि गोदामांच्या दुरुस्तीची कामे निघतात. ऊन खाऊन फिका पडलेला पत्रा धुवायचा, गंज घासायचा आणि पावसाआधी स्प्रेने नवा रंग मारून घ्यायचा. सगळा पत्रा बदलण्यापेक्षा हे स्वस्त पडते. मालक रंगाची हमी विचारतो, कंत्राटदार दर सांगतो. रंग मारणाऱ्याच्या छातीचा विषय मात्र निघत नाही. तुम्ही रंगारी असा, कंत्राटदार असा किंवा शेडचे मालक, पुढची माहिती तुमच्यासाठी आहे.

खोकला रात्री का येतो?

दिवसभर काहीच त्रास नसतो. संध्याकाळी घरी गेल्यावर, कधी मध्यरात्री, कोरडा खोकला सुरू होतो. छाती आवळल्यासारखी वाटते, श्वासाबरोबर घरघर ऐकू येते. काम चार-आठ दिवस बंद राहिले की बरे वाटते, पुन्हा सुरू झाले की पुन्हा तेच. रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, हवा बदलली ना, म्हणून असेल." मग खोकल्याचे औषध होते, अँटिबायोटिकचा एखादा कोर्स होतो. यात आम्ही डॉक्टरही कमी पडतो. 'काम काय करता?' हा साधा प्रश्न गर्दीच्या ओपीडीत राहून जातो.

बाहेरच्या पत्र्यावर उन्हापावसात टिकणारा चकचकीत थर हवा असेल तर बरेचदा पॉलियुरेथेन रंग वापरतात. तो दोन डब्यांत येतो, एकात रंग आणि दुसऱ्यात हार्डनर. म्हणूनच त्याला टू-पॅक म्हणतात. या हार्डनरमध्ये आइसोसायनेट गटातली रसायने असतात आणि रंग कडक होतो तो त्यांच्यामुळे. गनमधून उडणारे बारीक तुषार श्वासातून आत जातात. काही जणांच्या शरीराला या रसायनाची ॲलर्जी जडते. ती काही आठवड्यांत जडेल किंवा काही वर्षांनीही. त्यामुळे 'दहा वर्षे हेच करतोय, मला काही झाले नाही' या भरवशाला अर्थ नाही. एकदा ॲलर्जी जडली की अगदी थोड्या तुषारानेही दम्याचा झटका येतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

आइसोसायनेट म्हटल्यावर कोणी १९८४ चे भोपाळ आठवून घाबरते. तिथे गळला तो मिथाइल आइसोसायनेट वायू होता. रंगातली रसायने त्याच कुळातली, पण वेगळी आहेत. रंगाच्या शेडमध्ये भोपाळ घडणार नाही. दमा मात्र नक्की होऊ शकतो.

निदानासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, उपयोगी पडते. पण सुट्टीच्या दिवशी केली तर ती पूर्ण नॉर्मल येऊ शकते. त्यापेक्षा पीक फ्लो मीटर हे छोटे साधन घरी न्या. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहा, कामाच्या दिवशीही आणि सुट्टीच्या दिवशीही. तीन-चार आठवड्यांच्या नोंदींत कामाच्या दिवसांत आकडा घसरताना दिसला, तर कारण तुमच्या हातातल्या गनमध्ये आहे असे समजा. मग पंप घेत घेत तेच काम चालू ठेवणे हा उपाय नव्हे. त्या रंगापासून जितक्या लवकर दूर व्हाल तितकी फुप्फुसे सावरण्याची शक्यता जास्त. उशीर झाला तर काम सोडूनही दमा उरतो. घर चालवणाऱ्या माणसाला हे सांगणे मला जड जाते, पण सांगावेच लागते.

रुमाल, कापडी मास्क किंवा मेडिकलमधला निळा मास्क इथे कुचकामी आहे. कोळशाच्या डब्या असलेला मास्क त्याहून बरा, पण त्याची क्षमता कधी संपली हे वासावरून कळत नाही. आइसोसायनेटचा वास येऊ लागतो तोपर्यंत हवेतले प्रमाण सुरक्षित पातळीच्या वर गेलेले असते. टू-पॅक स्प्रेसाठी योग्य तो नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. गन थांबली की लगेच तो वर करू नका. डोळ्यांना न दिसणारे तुषार आणखी काही वेळ हवेत असतात. दाढी वाढलेली असेल तर घट्ट बसणारा मास्कही बाजूने हवा आत घेतो. तापलेल्या पत्र्यावर दुपारी बारा वाजता मास्क घालून कोणी टिकणार नाही हेही मालकांनी समजून घ्यावे. काम भल्या सकाळी उरकू द्या.

बोटावरचे भोक

तुषार कमी उडावेत म्हणून मोठ्या शेडला एअरलेस गन वापरतात. ते चांगलेच, पण तिचा दाब ३००० पीएसआयच्या आसपास जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो ३०-३५ असतो. नोझल तुंबले म्हणून कोणी बोटाने पुसायला जातो आणि चुकून ट्रिगर दाबला जातो. बोटावर सुई टोचल्याएवढे भोक पडते. रक्त फारसे येत नाही, दुखतही नाही. आत मात्र रंग आणि थिनर स्नायुबंधाच्या आवरणातून तळहातापर्यंत गेलेले असतात.

धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन घरी जायची ही जखम नाही. काही तासांत बोट सुजते, ठणकते, काळे पडते आणि शेवटी कापावे लागते. हात उंच धरा, बर्फ लावू नका, चोळून रंग बाहेर काढायचा प्रयत्न करू नका. रंगाचा डबा बरोबर घ्या आणि थेट नाशिकला हाताची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे जा. इथून ते सुमारे ३० किलोमीटर आहे. बोट उघडून आतून साफ करणे हाच इलाज, आणि तो शक्यतो सहा तासांच्या आत व्हावा. 'उद्या बघू' म्हणालात तर बोट जाऊ शकते. नोझल साफ करायचे तर आधी पंप बंद, मग दाब सोडलेला, मग ट्रिगरला लॉक.

घासण्याआधी पत्रा ओळखा

आपल्याकडे सिमेंटच्या शीटलाही पत्राच म्हणतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो ब्रशने घासू नका, प्रेशरने धुऊ नका. त्याची तंतुमय धूळ फुप्फुसात गेली तर आजार कित्येक वर्षांनी उगवतो. शिवाय असा पत्रा पायाखाली फुटतो आणि माणूस खाली येतो.

लोखंडी पत्र्यावरच्या जुन्या रंगात आणि प्रायमरमध्ये शिसे किंवा क्रोमेट असू शकते. शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे २०१६ चे नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी आहेत, कारखान्यांच्या रंगांसाठी नाहीत. त्यामुळे कोरडे ग्राइंडिंग टाळा, ओले करून घासा. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढू नका, त्यातून सिलिकोसिस होतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

दवाखान्यात येताना रिकामा डबा किंवा त्याच्या लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो आणा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कळवणे बंधनकारक केलेल्या आजारांत आइसोसायनेटची विषबाधा होती. तुमच्या केसपेपरवर 'रंगकाम, टू-पॅक स्प्रे' एवढे शब्द लिहून घ्या. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर हीच नोंद कामी येते.