पत्त्याचा पट्टा आणि फाइलींचा कप्पा : लघुउपकरणांतील डीएचसीपी आज्ञावलींच्या रचनेचा इतिहास

मूळ आज्ञावलीच्या फाइली कोणत्या कप्प्यात ठेवाव्या, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. तथापि दप्तराच्या मांडणीवरून जशी कारभाराची कल्पना येते, तशीच फाइलींच्या मांडणीवरून कर्त्यांनी कोणते काम कोणाचे मानले होते हे कळते. उपकरणात बसविलेल्या छोट्या संगणकाला जाळ्यातील पत्ता मिळवून देणारी डीएचसीपी ग्राहक-आज्ञावली हे याचे बोलके उदाहरण होय.

१९८५ च्या बूटपी संकेतात पत्ता एकदा मिळाला की काम संपे. राल्फ ड्रॉम्स यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या व मार्च १९९७ च्या आरएफसी २१३१ या दस्तऐवजात सुधारून आलेल्या डीएचसीपीने पत्ता मुदतीच्या पट्ट्याने देण्याची पद्धत घातली. सामान्यतः निम्मी मुदत उलटताच ग्राहकाने मूळ सर्व्हरकडे नूतनीकरण मागावयाचे व सात अष्टमांश मुदत उलटल्यावर कोणत्याही सर्व्हरकडे. ग्राहक-आज्ञावलीला सदैव जागे राहणे त्यामुळे प्राप्त झाले. तिचे संदेश यूडीपीवरून जातात, म्हणून ती वरच्या थरातील. पण ती तळच्या जोडणीचाच पत्ता बदलते, म्हणून गाभ्यातील. तिच्या स्थानाविषयीची संदिग्धता येथून उद्भवते.

स्वीडनमधील ॲडम डंकेल्स यांच्या यूआयपी या आठ-बिटी संगणकांसाठीच्या संचात (आवृत्ती १.०, २००६) ही आज्ञावली टेलनेट व वेब-सर्व्हर यांच्या शेजारी 'ॲप्स' कप्प्यात आढळते. मिळालेला पत्ता उपकरणकर्त्याने स्वतः लिहावयाच्या फंक्शनकडे सोपविला जाई. नूतनीकरण मात्र नव्हते; संपलेला पट्टा पुन्हा मिळविण्याचे काम पुढे केव्हातरी करावे, एवढी टीप फाइलीत होती. मुदत संपल्यावरही उपकरण जुनाच पत्ता वापरीत राहील आणि तो दुसऱ्यास दिला गेल्यास दोघांचे दळणवळण बिघडेल, हा धोका त्यात होता.

डंकेल्स यांच्याच एलडब्ल्यूआयपी संचात ही आज्ञावली 'कोअर' कप्प्यात, म्हणजे गाभ्यात आहे. साठ सेकंदांचा एक व अर्ध्या सेकंदाचा दुसरा असे दोन कालमापक तिला चालवितात व नूतनीकरणही होते. १.४ मालिकेत तिची फाइल थेट 'कोअर'मध्ये होती. आयपीच्या चौथ्या व सहाव्या आवृत्त्या एकत्र नांदविणाऱ्या २.०.० मध्ये (२०१६) ती चौथ्या आवृत्तीच्या उपकप्प्यात गेली आणि संदेशाच्या स्वरूपाच्या व्याख्या 'प्रोट' या निराळ्या कप्प्यात आल्या. डीएचसीपी विशिष्ट पिढीच्या पत्त्यांशी बांधलेली आहे, ही जाणीव या स्थलांतरात नोंदली गेली.

बिझीबॉक्समधील यूडीएचसीपीत तिसरी वाट दिसते. ग्राहक व सर्व्हर एकाच कप्प्यात असून संदेश बांधण्याच्या फाइली दोघांना समाईक आहेत. पत्ता प्रत्यक्ष लागू करण्याचे काम मात्र बाहेरील स्क्रिप्टकडे सोपविले आहे. संकेत क्वचितच बदलतो, प्रत्येक उपकरणाची व्यवस्था मात्र निराळी. या दोहोंची फारकत येथे केलेली आहे.

केवळ कप्प्याच्या नावावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, कारण यूआयपीतील उणिवेमागे स्मृतीची टंचाईही असू शकेल. तरीही कप्पा व त्यातील संहिता एकत्र वाचल्यास एक भेद स्पष्ट होतो : पत्ता मिळणे ही एकदाच घडणारी घटना मानली की आज्ञावली अनुप्रयोगांच्या रांगेत बसते; ती सतत जपावयाची स्थिती मानली की कालमापकांसह गाभ्यात येते. १९९७ च्या दस्तऐवजाने पट्ट्याची मुदत ठरविली. ती पाळण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर प्रत्येक संचाच्या फाइलरचनेत शोधावे लागते.