व्हॅन रूपांतरण

व्हॅन रूपांतरण म्हणजे प्रवासी किंवा मालवाहू व्हॅनच्या आतील भागात फेरबदल करून ती मुक्काम, प्रवास, फिरता व्यवसाय अशा वेगळ्या उपयोगासाठी सज्ज करणे होय. हे काम कारखान्यात झाल्यास तयार होणाऱ्या वाहनास कॅराव्हॅन किंवा कॅम्परव्हॅन म्हणतात. वाहनाचा मालक जुनी व्हॅन घेऊन स्वतःच्या हातांनी, सुतार, वेल्डर आणि वायरमन यांच्या मदतीने हेच काम करतो, तेव्हा त्यास घरगुती रूपांतर म्हटले जाते. भारतात अशा कामाची मर्यादा कौशल्यापेक्षा कायद्याने अधिक ठरते. आतील मांडणी बदलण्यास बराच वाव असला, तरी वाहनाची मूळ रचना आणि नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मालकास आपल्या मर्जीने बदलता येत नाहीत.

इतिहास

युरोपात या प्रकाराचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. फोक्सवॅगन कंपनीच्या ‘टाइप २’ या व्हॅनचे उत्पादन १९५० मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने तिच्यासाठी काढता-घालता येणारी ‘कॅम्पिंग बॉक्स’ तयार केली. आठवडाभर कामासाठी वापरलेली गाडी सुटीत मुक्कामाची खोली व्हावी, ही त्यामागची कल्पना होती. वाहनाच्या सांगाड्यास धक्का न लावता सामान आत बसवणे आणि काम झाल्यावर बाहेर काढणे हे तत्त्व घरगुती रूपांतरात आजही सर्वांत सोयीचे मानले जाते.

महाराष्ट्रात वाहनाला वेगळ्या कामास जुंपण्याची परंपरा जुनी आहे. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबू थिएटरांनी मालट्रकमध्येच प्रक्षेपणयंत्र बसवून चित्रपट दाखवले. २०१६ मधील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात या फिरत्या चित्रपटगृहांचे चित्रण आहे. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीच्या वाहनांनी तर मराठीला दोन सामान्यनामे दिली. लहान मालवाहू गाडी ती ‘टेम्पो’ आणि मोठी व्हॅन ती ‘मॅटाडोर’, असे पुढे बोलीत रूढ झाले. वऱ्हाडी लग्नाला नेणारी, भाजी बाजारात पोहोचवणारी आणि प्रसंगी रुग्णास दवाखान्यात नेणारी गाडी एकच असे.

१९८४ मध्ये आलेल्या मारुती व्हॅनने हे काम लहान कुटुंबांच्या आवाक्यात आणले. पुढे ‘ओम्नी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि लांबी ३,३७० मिलिमीटर होती. सरकते दरवाजे, सपाट तळ आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे शाळेची गाडी, रुग्णवाहिका व फिरते दुकान अशा अनेक रूपांत ती वावरली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१० मध्ये बाजारात आलेली ईको ही तिच्याच परंपरेतील गाडी आहे.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ वाहनातील फेरबदलांविषयी आहे. उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा रचनेतील बदल म्हणजे ‘फेरबदल’, अशी व्याख्या कलमातच दिलेली आहे. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांवर वाहन चालावे म्हणून मान्यताप्राप्त संच बसवणे, तसेच दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी वाहन अनुकूल करून घेणे, यांना विहित अटींवर मुभा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात या कलमाचा अर्थ स्पष्ट केला. केरळमधील प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा रचनेतील बदल चालणार नाही. मात्र रंग बदलणे किंवा रचनेस बाधा न आणणारी किरकोळ जोडणी करणे याला हरकत नाही. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने अधिनियमात कलम १८२अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या फेरबदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

व्यवहारात याचा अर्थ पुढीलप्रमाणे लावला जातो.

आसनसंख्या नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली असते. त्यामुळे मागील आसने कायमची काढून तेथे पलंग बसवणे ही केवळ सजावट ठरत नाही.
छप्पर कापून उंच करणे, चासी लांबवणे किंवा दरवाजाची जागा बदलणे हे रचनेतील बदल होत.
रंग बदलता येतो, पण रंगाचीही नोंद प्रमाणपत्रात असल्याने तो बदल परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा लागतो.
सहज उचलून बाहेर काढता येणाऱ्या पेट्या, घडीची गादी, पडदे आणि पाण्याची टाकी ही सामानात मोडतात.

कर्जाऊ घेतलेल्या वाहनात बदल करण्यापूर्वी वित्तपुरवठादाराची लेखी संमती घेणे आणि विमा कंपनीस बदल कळवणे आवश्यक असते. न कळवलेला बदल अपघातानंतर भरपाईच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केरळमधील कण्णूर येथे मुक्कामी प्रवासासाठी बदललेली एक टेम्पो ट्रॅव्हलर गाडी बेकायदा फेरबदलांच्या कारणावरून परिवहन विभागाने ताब्यात घेतली होती. ते प्रकरण देशभर गाजले आणि या विषयाकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले.

कारखान्यात तयार होणाऱ्या कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ आणि रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ ही स्वतंत्र मानके आहेत. त्यामुळे सद्हेतूने का होईना, घरच्या व्हॅनमध्ये स्ट्रेचर ठेवून तिला रुग्णवाहिका म्हणता येत नाही.

जुन्या वाहनाची निवड

खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर तपासणी करून, म्हणजे बोलीभाषेत ‘पासिंग’ करून, ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. म्हणून जुनी व्हॅन स्वस्तात मिळत असली, तरी नूतनीकरण, कर आणि विमा यांचा खर्च धरल्याखेरीज तिची खरी किंमत कळत नाही.

खरेदीपूर्वी चासी व इंजिनावरील क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहतात. नंतर चाकांच्या वरचे पत्रे, दरवाजांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा तळ येथे गंज शोधतात. पत्र्यावर लोहचुंबक फिरवल्यास लांबी भरून झाकलेली जागा लक्षात येते, कारण तेथे तो नीट चिकटत नाही. इंजिन दुरुस्त करता येते. आधार देणारा सांगाडाच सडला असेल, तर आतील सर्व काम वाया जाते.

रूपांतराचे टप्पे

प्रथम आतील अस्तर काढून गंज घासतात आणि प्रायमर लावतात. त्यानंतर छप्पर व बाजूंना उष्णतारोधक थर देतात. पाणी शोषणारे साहित्य वापरल्यास रात्री श्वासातील बाष्प थंड पत्र्यावर जमून आतून गंज चढतो, म्हणून पाणी न शोषणारा फोम पसंत केला जातो. मग प्लायवूडचा तळ, सामानाच्या पेट्या आणि त्यांवर घडीची गादी अशी मांडणी करतात.

वजनाचा हिशोब हा या कामाचा कणा आहे. १२ मिलिमीटर जाडीच्या आठ बाय चार फुटी प्लायवूडचे वजन सुमारे २२ ते २५ किलो भरते. असे दोन तक्ते, २५ ते ३० किलोंची बॅटरी आणि २० लिटर पाणी मिळून सुमारे १०० किलो होतात. दोन माणसांसह हा भार पाच प्रवाशांच्या भारापेक्षा कमी राहतो. परंतु छतावर सामान चढवल्यास गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलते. म्हणून जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकजोड्यांच्या मध्ये ठेवतात. सर्व भार मागे गेला, तर पुढची चाके हलकी होऊन सुकाणूची पकड कमी होते.

वैयक्तिक सजावटीलाही मर्यादा आहेत. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. क्रमांकाची पाटी कलात्मक अक्षरांत रंगवता येत नाही. वाहनामागील मजकूर ही भारतीय रस्त्यांवरील लोककला असली, तरी ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द व्यावसायिक वाहनांवर लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी घालण्यात आली.

वीजव्यवस्था

मुक्कामात दिवे व पंखा चालवण्यासाठी इंजिनाच्या बॅटरीपासून वेगळी दुसरी बॅटरी ठेवतात, जेणेकरून सकाळी गाडी सुरू होण्यास अडचण येत नाही. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत १,२०० वॅट-तास ऊर्जा असते. शिसे-आम्ल प्रकारात तिचा निम्मा भागच वापरणे हितावह असते. २० वॅटचा पंखा आठ तास चालल्यास १६० वॅट-तास, पाच वॅटचे दोन दिवे चार तास लावल्यास ४० आणि दूरध्वनीसाठी सुमारे २० वॅट-तास लागतात. म्हणजे अशी बॅटरी दोन रात्री पुरते.

कमी व्होल्टेजमुळे शॉक बसण्याचा धोका कमी असला, तरी आगीचा धोका कमी होत नाही. १२० वॅटचे उपकरण १२ व्होल्टवर १० अँपिअर प्रवाह घेते, तर घरातील २३० व्होल्टवर जेमतेम अर्धा अँपिअर. घरगुती कामातील बारीक तार येथे तापते, म्हणून जाड तार आणि बॅटरीलगत फ्यूज अनिवार्य मानतात.

बंद गाडीत शेगडी किंवा स्टोव्ह पेटवणे, अथवा इंजिन चालू ठेवून झोपणे प्राणघातक ठरू शकते. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो व वासही नसतो; झोपलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही. स्वयंपाक गाडीबाहेर करणे आणि झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या ठेवणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

धारणी व मेळघाट परिसर

अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुक्याच्या उदाहरणावरून या सर्व बाबी एकत्र पाहता येतात. सातपुड्याच्या कुशीतील हे ठिकाण अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह व हरिसाल या मार्गाने सुमारे दीडशे किलोमीटरवर असून पुढचा रस्ता मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरकडे जातो. तालुक्यातून जाणारा अकोला–खांडवा मीटरगेज लोहमार्ग २०१७ मध्ये गेजबदलासाठी बंद झाल्यानंतर रस्त्यावरील वाहनांचे महत्त्व आणखी वाढले.

येथील मालकाची वाहन नोंदणी अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात, म्हणजे ‘एमएच-२७’ या मालिकेत होते. अकोल्याची मालिका ‘एमएच-३०’ आहे. फेरबदलाची परवानगी वा रंगबदलाची नोंद यांसाठीचा अर्जही अमरावतीच्या याच कार्यालयाकडे करावा लागतो. धारणीच्या मालकासाठी हे अंतर पाहता, परवानगी आधी आणि करवत नंतर, हा क्रम सोयीचा ठरतो.

हवामान आणि भूगोल यांचाही विचार आवश्यक आहे. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पत्र्याची गाडी दिवसभर तापते. ओम्नीचे इंजिन पुढील आसनांखाली असल्याने दीर्घ प्रवासानंतर ती उष्णताही आत राहते. छताचा उष्णतारोधक थर येथे चैनीचा भाग राहत नाही. परतवाड्यापुढील घाटात उतरताना खालचा गिअर ठेवून इंजिनाच्या रोधाने वेग आवरावा लागतो. भारलेल्या जुन्या गाडीचे केवळ ब्रेक दाबत राहिल्यास ते तापून निकामी होतात.

मेळघाट हा १९७३-७४ मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवाना लागतो आणि अभयारण्यास धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे गाडीत पलंग आहे म्हणून जंगलात वाटेल तेथे थांबता येत नाही. मुक्काम अधिकृत संकुलात किंवा गावात परवानगी घेऊनच करावा लागतो.

कॅराव्हॅन पर्यटन धोरण

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरणास मान्यता दिली. कॅराव्हॅन उभ्या करण्यासाठी पाणी, वीज व स्वच्छतागृहे असलेली उद्याने उभारणे आणि नोंदणीकृत कॅराव्हॅनांना प्रोत्साहन देणे हा त्यामागील हेतू आहे. निवासाच्या सोयी कमी असलेल्या, पण निसर्गसंपन्न प्रदेशांत अशा पर्यटनास विशेष वाव आहे. घरी बदललेल्या व्हॅनच्या मालकास मात्र या धोरणामुळे कलम ५२ मधून सूट मिळत नाही.