लस : एका शब्दाची दोन टोके

१/ 'लस' म्हटले की आज काचेची कुपी आणि सुई डोळ्यांसमोर येते. पण मराठीत या शब्दाचा आणखी एक, घरगुती अर्थ आहे : फोडातून वा चिघळलेल्या जखमेतून पाझरणारा चिकट द्रव. रोगाची खूण असलेला शब्द रोगप्रतिबंधक औषधाला कसा मिळाला?

२/ कारण सुरुवातीची लस अक्षरशः तीच होती. १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील गोदेवीच्या फोडातला द्रव जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाला टोचला. जुलैमध्ये त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी देवी आल्या नाहीत.

३/ लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय. १७९८च्या ग्रंथात जेन्नरने या रोगाला 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे 'गाईच्या देवी', असे नाव दिले. 'व्हॅक्सिन' शब्दाचे मूळ तेच.

४/ हा द्रव लांबच्या प्रवासात, उष्णतेने निकामी होई. त्यावर एक उपाय होता : एकाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडात. बगदाद, बसरा या मार्गाने ती मुंबईला पोहोचली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती टोचली गेली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण मानले जाते. पुढची लस तिच्याच फोडातून घेतली गेली. लहान मुलांची शरीरे हीच तेव्हाची कुपी होती.

५/ मराठीत या क्रियेला 'देवी काढणे' वा 'देवी टोचणे' म्हणत. रोग, देवता आणि उपाय यांना एकच शब्द पुरला.

६/ १८८१ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ 'व्हॅक्सिन' हा शब्द इतर रोगांवरील लशींनाही लावावा, असे सुचवले. शब्दातली गाय तिथेच मागे राहिली.

७/ मुंबईत वाल्देमार हाफकिनने प्लेगचे जंतू मांसरसात वाढवून, उष्णतेने मारून लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिच्यात ना गाय होती, ना फोड. नाव मात्र 'लस'च.

८/ १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. इंग्रजी शब्दाने गाईची आठवण जपली. मराठी शब्दाने जपली ती त्या द्रवाची, जो एका लेकराच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात जात राहिला.