भिलाई: आकडे आणि नावे

नव्या ठिकाणी बदली झाली की मी आधी लांब धावायची वाट शोधतो. भिलाईत ती लगेच सापडली. नागपूर-रायपूर महामार्ग ट्रकांसाठी सोडायचा आणि पोलाद कारखान्याच्या वसाहतीत शिरायचे. सरळ, रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडे. पहिल्या पाळीची गर्दी सुरू होण्याआधी कारखान्याच्या दरवाजांकडचा भाग मागे टाकायचा आणि मैत्रीबागेकडे वळायचे.

हे रस्ते आपोआप झाले नाहीत. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. मधल्या चार वर्षांत शेतांच्या जागी शहर आखले गेले.

सेक्टर 1 ते 10 नुसते आकडे आहेत. पुढे मात्र रुआबांधा, मरोदा, रिसाली ही नावे लागतात. ती जुन्या गावांची. देशाला पोलाद मिळाले, त्यासाठी इथल्या शेतकऱ्यांनी जमीन दिली. त्यांच्या नावाची पाटी मला कुठल्याही वळणावर दिसली नाही.

मित्रांनो, नव्या गावी वाट शोधाल तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाला जरूर विचारा: बाबा, इथे आधी काय होते?