मध्ये एक पाट

पंगत बसल्यावर मध्येच एक पाट घालायचा झाला, तर पुढच्या सगळ्यांना सरकावं लागतं. संगणकातल्या ॲरेचंही तेच. फंक्शनल प्रोग्रॅमिंगमध्ये तर पंचाईत आणखी मोठी, कारण तिथे बसलेल्याला हलवायचीच सोय नाही. एकदा तयार झालेला व्हेक्टर, म्हणजे तिथली ॲरेसारखी यादी, बदलत नाही. बदल हवा तर नवा करायचा, जुना तसाच राहतो. पण 10 लाख घटकांत एक घालण्यासाठी 10 लाखांची नक्कल करायची म्हणजे अतीच झालं.

नक्कल वाचवण्याची युक्ती झाडात सापडली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत फिल बॅगवेल यांनी 32 फाट्यांची हॅश झाडं रचली. रिच हिकी यांनी 2007 मध्ये क्लोजर भाषा आणली, तेव्हा तोच साचा व्हेक्टरला लावला. क्रमांकाचे पाच-पाच बिट वाचत एकेक पातळी उतरायचं; चार पातळ्यांत 10,48,576 घटक मावतात. एक घटक बदलला तर वाटेवरच्या चार गाठींची नक्कल होते, बाकीचं झाड जुना आणि नवा व्हेक्टर मिळून वापरतात.

घटकाचा पत्ता इतका झटपट सापडतो, कारण आधीची प्रत्येक गाठ 32 ने गच्च भरलेली आहे असं धरलेलं असतं. आणि घोडं अडतं तेही इथेच! मध्ये एक घातला की पुढच्या सगळ्यांचे पत्ते चुकतात.

2011 मध्ये बॅगवेल आणि टिआर्क रोम्फ यांनी ही अट सैल केली. त्यांच्या झाडाचं नाव ‘रिलॅक्स्ड रॅडिक्स बॅलन्स्ड’, म्हणजे आरआरबी. (आपल्याकडे हे नाव ऐकून रेल्वेची भरतीच आठवणार.) इथे गाठ थोडी रिकामी राहिली तरी चालते, मात्र अशा गाठीजवळ कुठल्या फांदीपर्यंत किती घटक झाले याचा छोटा तक्ता असतो. बिटांवरून अंदाज बांधायचा, तक्ता बघून एखादं घर पुढे सरकायचं. मग मध्ये घालणं म्हणजे व्हेक्टर हव्या त्या जागी तोडायचा, डाव्या तुकड्याला नवा घटक जोडायचा आणि दोन्ही तुकडे सांधायचे. सांध्याजवळच्या गाठी तेवढ्या नीट लावल्या की काम झालं. मला यातली खरी करामत सांधण्यात वाटते, कारण तोडणं तुलनेनं सोपंच होतं.

बॅगवेल 2012 मध्ये गेले. आरआरबीवरच्या 2015 च्या शोधनिबंधावर सहलेखकांबरोबर त्यांचंही नाव आहे. क्लोजरच्या मूळ व्हेक्टरमध्ये मात्र गच्च 32 चाच नियम टिकून आहे. तक्ता बघण्यात थोडा वेळ जातोच. ज्याला मध्ये पाट घालायचाय, त्याने वेगळी लायब्ररी जोडून घ्यायची.