गुडघ्याच्या अस्थिबंधांची इजा
गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असते. त्यांना जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः चार अस्थिबंध करतात : दोन बाजूंचे व दोन सांध्याच्या आत फुलीच्या आकारात एकमेकांना छेदणारे. पाऊल जमिनीत घट्ट रोवलेले असताना शरीर एकदम वळले, तर पुढचा आंतरबंध ताणला जातो किंवा तुटतो. खोखोत खांबाशी घेतलेली गिरकी, कबड्डीत पकडीतून सुटण्याची धडपड, कुस्तीत एकेरी पट काढला जात असता बसणारा पीळ हे असे प्रसंग होत. सूज उतरल्यावरही अनेकांत दुखणे व ताठरपणा महिनोन्‌महिने राहतो. या इजेच्या उपचारांचा इतिहास हा मुख्यतः विश्रांती द्यावी की हालचाल, या वादाचा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेत जानु हे मर्मस्थान मानले असून त्यास इजा झाल्यास लंगडेपणा येतो, असे सांगितले आहे. निखळलेले सांधे व मोडलेली हाडे यांच्या उपचारात झाडांच्या साली वा बांबूच्या पट्ट्या बांधण्याचा विधी तिथे आढळतो. बंध सैल असल्यास सांधा स्थिर होत नाही व फार आवळल्यास सूज आणि वेदना होतात, हा इशारा आणि थंड ऋतूत सात, समशीतोष्ण ऋतूत पाच व उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध बदलण्याचा नियम पाहता बंध आवश्यक असला, तरी तो अपायकारकही ठरू शकतो, याची जाणीव त्या काळी होती असे दिसते.

यूरोपात वेबर बंधूंनी १८३६ मध्ये आंतरबंध कापल्यास नडगी पुढेमागे सरकते, हे दाखविले. इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉबसन यांनी १८९५ मध्ये एका खाणकामगाराचे तुटलेले आंतरबंध शिवले. १९१७ मध्ये हे ग्रोव्ह्‌ज यांनी मांडीच्या आवरणपटलाची पट्टी वापरून नवा बंध घडविला, तर १९६३ मध्ये केनेथ जोन्स यांनी वाटीखालील कंडरेचा मधला भाग त्यासाठी घेतला. दरम्यान जपानमध्ये ताकागी यांनी १९१८ मध्ये मृतदेहाच्या गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली होती. वातानाबे यांनी हे तंत्र पुढे शस्त्रक्रियेस योग्य केले.

बंध शिवता येऊ लागला, पण गुडघा पूर्ववत हलेना. शस्त्रक्रियेनंतर पाय अनेक आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवण्याची पद्धत होती. त्यामुळे मांडीचे स्नायू वाळत आणि सांध्याच्या आत तंतुमय ऊतक साठून तो आखडत असे. टोराँटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवरील प्रयोगांतून सतत हालचाल कूर्चेस पोषक असल्याचे दाखविले. १९९० च्या सुमारास अमेरिकेत शेलबोर्न यांनी लवकर हालचाल व पूर्ण सरळ होणारा पाय यांवर भर दिला. इजेनंतर पहिल्याच आठवड्यात केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ताठरपणा अधिक येतो, सूज उतरून हालचाल परत येईपर्यंत थांबल्यास तो कमी होतो, हेही त्यांनी निदर्शनास आणले. त्याच सुमारास जॅक्सन व शेफर यांनी नव्या बंधापुढे वाढणारी तंतुमय गाठ वर्णिली. पाय पूर्ण सरळ न होण्याचे हे एक कारण होय. घाई आणि आळस हे दोन्ही दोष वैद्यकाने याप्रमाणे क्रमाने करून पाहिले.

महाराष्ट्रात या इजेची किंमत कुस्तीने मोजली. हेलसिंकी येथे १९५२ मध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव यांची १९५६ ची ऑलिंपिक संधी गुडघ्याच्या दुखापतीने हुकली. याउलट हरयाणाच्या विनेश फोगट डाव्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत झालेल्या शस्त्रक्रियेनंतर वर्षाच्या आत पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या.

हे अंतर केवळ काळाचे नाही, सोयींचेही आहे. रामलिंग मुदगड (जि. लातूर) या गावाने हरिश्चंद्र बिराजदार यांच्यासारखा मल्ल दिला. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतील कुस्त्यांना आजही गर्दी लोटते. परंतु या भागात मुरगळलेला गुडघा दीर्घकाळ हाडवैद्याच्या मालिशीवर व आंबेहळदीच्या लेपावर सोपविला जात असे. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९५६ मध्ये निघाले. नांदेडला ते १९८८ मध्ये व लातूरला २००२ मध्ये आले. ताज्या इजेवर जोराची मालिश केल्यास सूज वाढते. लेपाने दुखणे काहीसे शमले, तरी तुटलेला बंध त्याने जुळत नाही. अशा अस्थिर गुडघ्यावर खेळाडू पुन्हा मातीत उतरला, की आतील कूर्चा फाटते व पुढे संधिवात जडतो. हाडवैद्याकडे न जाणाऱ्याचीही सुटका होतेच असे नाही. शस्त्रक्रिया एका दिवसात उरकते, परंतु नंतरचा व्यायाम सहा ते नऊ महिने किंवा त्याहूनही अधिक काळ चालतो आणि त्यासाठी लागणारा व्यायामोपचारतज्ञ तालुक्याच्या गावी क्वचितच भेटतो. सोयाबीनच्या काढणीला घरी परतलेला खेळाडू व्यायाम सोडतो. टाच उचलून किंचित वाकल्या गुडघ्याने चालण्याची सवय त्याला लागते आणि एकदा हरवलेला शेवटचा काही अंशांचा ताण भरून काढण्यास बहुधा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.