मंडळीची पंगत

ख्रिस्ती झाल्यावर माणसानं काय गमावलं, हे आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी शास्त्राच्या भाषेत कधी सांगितलं नाही. त्यांचा हिशेब पंगतीचा असे. कोणाकडचं बोलावणं थांबलं, कोणी पाण्याचा तांब्या पुढं करेनासं झालं, सख्ख्या बहिणीच्या लग्नात कोणाला मांडवाबाहेर बसवलं. आणि त्यानंतर कोणी हाताला धरून आपल्या ताटाशी बसवलं. माझी आत्या अजून याच क्रमानं सांगते. तिनं ऐंशी ओलांडली आहे आणि सध्या ती आमच्याकडं देवनहळ्ळीला असते.

देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचं जन्मगाव. 2008 मध्ये इथं विमानतळ सुरू झाला आणि देशभरातून नोकरदार माणसं येऊन राहू लागली. आम्ही त्यांतलेच. इथला चकोता, म्हणजे आपलं पपनस, नावाजलेला आहे. दुपारी आत्या त्याच्या फोडी सोलत बसते आणि बोलता बोलता नगरला पोचते.

तिची आजी, म्हणजे माझी पणजी, 1899-1900 च्या दुष्काळात नगरच्या मिशनच्या आश्रयाला आली. अमेरिकन मराठी मिशन तिथं 1831 पासून होतं. पणजी सात-आठ वर्षांची असेल. आईबाप दोघंही गेलेले. आमचं घराणं पूर्वाश्रमीचं महार. बोर्डिंगात पणजीच्या शेजारी झोपणारी मुलगी मांगाची. पोटात आग असताना पणजीनं तिच्या हातची भाकरी नाकारली होती. जगाच्या लेखी दोघीही अस्पृश्य. पण त्यांच्यातही एक रेघ होती आणि ती सात वर्षांच्या पोरीला पाठ होती. पुढं पणजी तापानं फणफणली. पेज भरवायला तीच मुलगी रात्रभर उशाशी बसली. "त्या पेजेनं ती ख्रिस्ती झाली बघ," आत्या म्हणते, "बाप्तिस्मा नंतर झाला." त्या दोघींचं मैत्र म्हातारपणापर्यंत टिकलं. एकीच्या मुलाच्या लग्नात दुसरीच्या घरची माणसं पाहुणी म्हणून आली नाहीत, वाढपी म्हणून उभी राहिली.

पंगतीची ही ताकद उगाच मानलेली नव्हती. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टानं मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मुलाचा बाप्तिस्मा झालाच नव्हता. पण तो मिशनऱ्यांकडं जेवला होता, आणि तेवढ्यावरून त्याला जातीत परत घ्यायचं की नाही, असा वाद पेटला. प्रायश्चित्त देऊन घ्यावं, असं म्हणणारे बाळशास्त्री जांभेकर स्वकीयांच्या रोषाला पात्र ठरले. एका पोराच्या चार घासांवरून सगळी मुंबई भांडली! ज्यांना हे भोगावं लागलं, त्यांना नवी पंगत मिळणं ही चैन नव्हती, जगण्याचीच अट होती. त्याच नारायण शेषाद्रींनी पुढं निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ, बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. ब्राह्मण घरात जन्मलेला हा पाळक तिथं मुख्यतः मांग समाजातून आलेल्या कुटुंबांबरोबर राहिला.

आत्याच्या गोष्टींत सर्वांत जास्त वेळ मात्र कवी रेव्हरंड टिळकांचं घर घेतं. पणजीनं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना उपासनेला येताना दुरून पाहिलं होतं, एवढंच; पण तेवढं आमच्या घराला तीन पिढ्या पुरलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याकडं परतल्या, त्या आपलं सोवळं सोबत घेऊनच. ते त्यांनी कोणाच्या उपदेशानं टाकलं नाही. स्वतःशी भांडून, विचार करून टाकलं आणि 1900 मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना मला नेहमी वाटतं, त्या पुस्तकातलं खरं धर्मांतर चुलीपाशी झालं. त्यानंतर ते घर असं उघडलं की टिळक कधी कोणाला जेवायला घेऊन येतील याचा नेम राहिला नाही. पैसा टिकत नसे, माणसं टिकत. जमाखर्चाचा ताण लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आला, हेही विसरू नये. पाहुणचाराची कीर्ती पुरुषाची होते आणि पीठ मळणारे हात बाईचे असतात.

त्या घरातलं मैत्र ख्रिस्ती मंडळीच्या भिंतीशी थांबलं नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या कोवळ्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. ते संमेलन भरवण्यात टिळक पुढं होते. पुढं ठोमरे नगरला टिळकांच्या घरी येऊन राहिले, रुसले, हसले, तिथलेच झाले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी व्हावं म्हणून त्यांच्यावरची माया कमी-जास्तही झाली नाही. 1918 च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले, तेव्हा लक्ष्मीबाईंना घरचं मूल गेल्याचं दुःख झालं. कोणाला मित्र करावं याला टिळकांनी बाप्तिस्म्याची अट घातली नाही. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्याला त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना सारखीच जागा होती. 1919 मध्ये टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. तरी मराठी ख्रिस्ती जीवनात त्याहून मोठ्या मनाची कल्पना मला दुसरी दिसत नाही.

आपण त्या कल्पनेला पुरे पडलो का? नाही. आजही लग्न जुळवताना आपल्यातले कितीतरी लोक हळूच विचारतात, "पूर्वीचे कोण?" प्रीतिभोजनाला एकत्र बसणारी माणसं सोयरीक करताना वेगळी होतात. पणजीच्या उशाशी रात्रभर जागलेल्या त्या पोरीसमोर हा प्रश्न उच्चारायला माझी जीभ धजणार नाही.

इथं देवनहळ्ळीत आमच्याकडं दर आठवड्याला एका संध्याकाळी चार घरं प्रार्थनेला जमतात. एक नर्स तेलुगू, एक कुटुंब मल्याळी, एक शाळामास्तर कानडी, आणि आम्ही. आत्याला कानडीतलं 'ऊटा आयिता?' म्हणजे 'जेवण झालं का?' एवढंच येतं आणि तेवढ्यावर तिचं सगळ्यांशी जमतं. ती मराठी भजन म्हणते, मास्तर टाळी धरतात. मग जेवणं होतात. मागल्या पावसाळ्यात नर्सच्या आईचं मोठं आजारपण निघालं, तेव्हा या चार घरांनी आपसात पाळ्या लावून डबे पोचवले. त्यासाठी कोणाला सभा भरवावी लागली नाही. शेजारचं एक हिंदू कुटुंबही पाळीत आलं, न विचारता.

आपली मुलं पुण्याहून, नगरहून, वसईहून, बेळगावहून अशा नव्या नव्या गावांत जात आहेत. रविवारी उपासना संपली की पंधरा मिनिटांत गाड्या निघून जातात आणि एकटा आलेला पोरगा आपल्या खोलीवर जाऊन विकतचं खातो. त्याला थांबवा. त्याचं पूर्वीचं काही विचारू नका, ताट वाढा. आणि तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर, ते आहे तोवर, एवढं विचारून लिहून ठेवा: सगळ्यांनी तोडलं तेव्हा आपल्या माणसांना पहिला घास कोणी दिला? त्या घरची नातवंडं कुठं तरी असतील. शोधा त्यांना, आणि या नाताळला जेवायला बोलवा.